पोशा भुलीत काय बोलला

१

"वही माझ्या बुडाखाली हाय. बुधवारच्या आत खोपोलीला पोचती करतो. कुनाला कळायचं नाय."

ऑपरेशनच्या टेबलावर आडवा पडलेला पोशा ठाकर एवढं बोलला आणि मग तास-दीड तास त्यानं तोंड उघडलं नाही. बोलला तेही पुटपुटत नव्हे. डोंगराच्या या सोंडेवरून त्या सोंडेवर हाक मारायची सवय असलेला माणूस तो; त्याच्या आवाजाला खोलीचं दार काय अडवणार! दाराबाहेर त्याच्या वाडीची चार माणसं उकिडवी बसली होती. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला.

चंद्रभागा सिस्टर त्याच्या उशाशी उभी होती. पोशाच्या नाकातोंडावर तारेची जाळी, जाळीवर गॉजच्या घड्या आणि त्या घड्यांवर तिच्या हातातल्या बाटलीतून ईथरचा थेंब थेंब. भूल द्यायचं काम तिचंच. मुंबईला नर्सिंग शिकून ती कर्जतला डॉक्टर गुप्त्यांच्या दहा खाटांच्या हॉस्पिटलात आली, त्याला आता, म्हणजे एकसष्ट साली, आठ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत भुलीत शिव्या देणारे, रडणारे, सासूचा उद्धार करणारे सगळे तिनं ऐकले होते. चोरी कबूल करणारा हा पहिलाच.

"ऐकलंत ना, डॉक्टर?" पायांशी उभा असलेला कंपाउंडर भिवाजी म्हणाला. "भुलीत माणूस खोटं बोलत नाय म्हनतात."

"भिवाजी, पाय धर आणि तोंड मिट," डॉक्टर म्हणाले.

वही कुठली, ते कर्जतात पोराटोरांनाही ठाऊक होतं. डोंगरउतारावरची जी जागा सरकार वाडीला कसायला देतं, तिला दळी म्हणतात. कोणाची दळी कुठल्या ओढ्यापासून कुठल्या दगडापर्यंत, ते सगळं एका जुन्या वहीत लिहिलेलं. आणि वही वाडीच्या नायकाच्या ताब्यात. नायक म्हणजे हाच पोशा. शनिवारी त्यानं वहीचं फडकं सोडलं, तर आत शाळेचं कुठलंसं फाटकं पुस्तक! बावीस घरांची जमीन त्या वहीत होती. मोजणीचा साहेब यायचा होता, आणि त्याच्यापुढं वही ठेवली नाही तर दळी सरकारजमा आणि तिथली झाडं खोपोलीच्या कोळशाच्या ठेकेदाराच्या घशात. पोशानं रविवारभर घर उलथंपालथं केलं, भाताच्या भरल्या कणग्या एकट्यानं सरकवल्या. त्यातच त्याचा जुना अंतर्गळ अडकला, आतडं फसलं, आणि सोमवारी पहाटे माणसांनी झोळी करून त्याला इथं आणला.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी शेवटचा टाका घातला तेव्हा चंद्रभागेनं दार उघडलं. ओटीवर पोशाची बायको ठमी तेवढी गुडघ्यात मान घालून बसली होती. वाडीची चारही माणसं न सांगता निघून गेली होती.

२

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी चंद्रभागा वॉर्डात आली, तर पोशा छताकडे बघत पडला होता. उशाशी पेजेची वाटी तशीच, वर साय धरलेली. डॉक्टरांनी घोट घोट द्यायला सांगितलं होतं, पण पठ्ठ्या ओठ उघडायला तयार नव्हता.

"काय रे, दुखतंय?"

"शिस्टर, म्या भुलीत बोललो त्ये खरं?"

बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती तर. शेजारच्या खाटेवाल्यानं रंगवून सांगितली असणार. वाडीनं काल दुपारीच पोशाची घोंगडी उचलून तिच्याखाली हातभर खड्डा खणला होता. बुडाखाली म्हणाला ना! खड्ड्यात काही नव्हतं, तेव्हा विकून मोकळा झाला असं ठरलं.

"बोललास खरा," ती म्हणाली.

"मंग केलं आसल म्या."

"अरे, वही उचलल्याचं आठवतंय का तुला?"

"नाय. पन बोलल्याचं तरी कुठं आठवतंय?" पोशा म्हणाला. "जसं बोललेलं इसरलो तसं क्येलेलं बी इसरलो आसन. माझ्याच तोंडून आलं, बाय. दुसऱ्या कुनाच्या नाय."

चंद्रभागेला भयंकर राग आला. कोणावर, ते तिलाही कळेना. चोरी केलेला माणूस कानावर हात ठेवतो हे तिनं पाहिलं होतं. पण न केलेली चोरी अंगावर ओढून घेऊन उपाशी मरायला निघालेला माणूस? तिचं माहेर पोशीरचं. पाच वर्षांपूर्वी घरानं बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हापासून तिचे वडील येता-जाता एकच सांगत: कानावर आलं म्हणून मानू नका, पारखून घ्या. तेव्हा तिला त्याचा कंटाळा यायचा.

तिला एक खोड होती, आणि डॉक्टर तिची त्यावरून चेष्टा करत. शुद्धीवर आलेल्या प्रत्येक माणसाला ती विचारायची, आत काय झालं? नेरळच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं, कानांत घंटा वाजू लागल्या आणि मी विहिरीत उतरत गेले, पण वर तुम्ही कात्र्या मोजताय ते ऐकू येत होतं. खोपोलीच्या कारखान्यातला फिटर म्हणाला होता, डोळे गेले, हातपाय गेले, शेवटी कान तेवढे राहिले. आणि तिचा स्वतःचा अनुभव तर हसू येण्याजोगा होता. शिकत असताना तिचं अपेंडिक्स काढलं. भूल चढताना दोन नर्सा कोणाच्यातरी हिरव्या शालूबद्दल बोलत होत्या. जागी झाल्यावर चंद्रभागा हमसून हमसून रडली, का तर माझा लग्नाचा हिरवा शालू हरवला म्हणून! लग्नाचा पत्ता नव्हता, शालू कुठला!

म्हणजे गुंगीत ऐकलेलं परकं बोलणं आत जाऊन आपलं होतं आणि आपल्याच तोंडून बाहेर पडतं. पोशा बोलला ती वाक्यं दुसऱ्या कोणाची असणार. असणारच!

पण एवढं ठरवून ती उठली आणि दारातच थबकली. ईथर पडत असताना ऑपरेशनच्या खोलीत कोणी ब्र काढायचा नाही, हा तिचाच नेम होता. सोमवारी पोशा बोलेपर्यंत तो कोणी मोडला नव्हता. डॉक्टर गप्प, भिवाजी गप्प, ती गप्प. बोलत होता तो एकटा पोशा. आकडे मोज म्हटल्यावर तो भात मापल्यासारखा मोजत होता, पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं तसं: लाभ, दोन, तीन... नवापर्यंत गेला, आणि एकदम वहीचं सुरू झालं.

मग ही वाक्यं आली कुठून?

३

"सिस्टर, एक गंमत सांगू?" डॉक्टर गुप्ते राउंड संपवून चहा पिताना म्हणाले. "बुधवार म्हणाला ना तो? मोजणी खरी पुढच्या महिन्यात होती. साहेबानं दौरा बदलला आणि उद्याचा बुधवार धरला. मला रविवारी मामलेदारांकडे पत्ते खेळताना कळलं. या पोशाला कसं कळलं?"

चंद्रभागेनं हातातला ट्रे खाली ठेवला. पोशाला कळणं शक्यच नव्हतं. रविवारभर तो कणग्या ढकलत होता आणि सोमवारी पहाटे झोळीतून थेट इथं आला. म्हणजे बुधवार हा शब्द त्याच्या कानात पडला तो याच हॉस्पिटलात.

आणि टेबलावर नाही, तर टेबलाच्या आधी. आठ वाजता तिनंच त्याला मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं होतं. नऊला आत घेईपर्यंत तासभर तो ओटीवरच्या खाटेवर डोळे मिटून पडला होता. मेल्यासारखा दिसत होता, पण कान जागे होते. वाडीची चौघं तेव्हा बाहेर फाटकाशी होती. मग त्या तासात ओटीवर कोण होतं?

औषधाची खिडकी ओटीवरच उघडत असे, म्हणून तिनं आधी भिवाजीला गाठलं. त्याचा भाऊ मामलेदार कचेरीत शिपाई. बुधवारचं त्याला नक्की ठाऊक असणार.

"होतं ठाऊक. मग?" भिवाजी बाटली हलवत फणकारला. "शनवारीच भाऊ बोलला. म्हनून मी चोर का? मी आपला मिश्चर बनवत व्हतो. गर्दी व्हती, सिस्टर. एक ताप, एक विंचू चावलेली पोर, खोकल्याला तो खोपोलीचा वाघ्या मुकादम..."

"ठेकेदाराचा माणूस? खोकल्याला खोपोलीहून कर्जतला आला?"

"आजारी मान्साला गाव इचारतो का कधी आपन?" भिवाजी म्हणाला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

दुसरा होता लडकू मास्तर. मास्तर कसला, कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचा. वाडीचा टपालाचा पत्तासुद्धा त्याचाच. त्यांची पत्रं यानंच वाचून दाखवायची. सोमवारी तो पोशाच्या खाटेशी बसला होता, आपलं माणूस म्हणून. चंद्रभागा दुपारी कचेरीकडे गेली, तेव्हा स्वारी नेहमीसारखी आपल्या पत्र्याच्या पेटीवर ठाण मांडून, गुडघ्यावर पाटी घेऊन अर्ज खरडत होती.

"बिचारा पोशा," लडकूनं हळहळून मान हलवली. "लोभ वाईट. मी तासभर खाटेशी होतो, सिस्टर, पण एक चकार शब्द झाला नाही. बोलणार कोणाशी? ठमी पण अर्धा तास नदीवर गेली होती."

"हो, ते मला माहीत आहे."

"करगोटा सोडायला. त्यांच्यात तसा रिवाज असतो, वाहत्या पाण्यात सोडायचा."

करगोटा चंद्रभागेनंच कापला होता. ऑपरेशनच्या जागी आड येतो म्हणून कमरेचा तो काळा दोरा कात्रीनं कापून तिनं ठमीच्या हातात दिला, तेव्हा ठमीनं दचकून पोशाकडे बघितलं. पुरुषाचा करगोटा तोडतात तो मेल्यावर. बिचारी घाबरणारच. नंतर ओले पाय घेऊन ती उल्हास नदीवरून परत आली, आणि त्यांच्यात असेल तसं म्हणून चंद्रभागेनंही काही विचारलं नाही.

ती परत फिरली. डॉक्टर, भिवाजी, लडकू. बुधवार तिघांनाही ठाऊक असू शकत होता. यातला कोण बोलला? डोकं नुसतं भणभणत होतं. वाटेत तिला एकदम जाणवलं, की एका माणसाला आपण काहीच विचारलेलं नाही. आपणच काय, कोणीच नाही.

४

ठमी हॉस्पिटलच्या मागच्या पायरीवर बसली होती. दोन दिवस ती तिथंच होती. वाडीतून भाकरी येईना, म्हणून चंद्रभागेच्याच डब्यातलं थोडं खात होती.

"ठमीबाय, येक इचारू?" चंद्रभागा तिच्याशेजारी टेकली आणि आपोआप पोशीरच्या बोलीवर आली. "तुमच्यात करगोटा नदीत सोडत्यात का गं?"

ठमीनं तिच्याकडे नवलानं बघितलं. "आमच्यात? नाय, बाय. आमच्यात बायको आपल्या मनगटाला बांधती. मानूस बरा झाला का परत त्याच्या कमरंला. पान्यात सोडला तर मानूसच सोडला म्हनायचा."

"मंग तू का गेलीस?"

"तुमच्या दवाखान्याचा नेम ना त्यो? मास्तर बोलला, हितं तसाच कायदा हाय, दोरा नदीत टाकून ये न्हायतर डाक्तर हात लावनार नाय. मी रडत रडत टाकला."

चंद्रभागा ताडकन उठली. ठमीला वाटलं हॉस्पिटलचा कायदा. हॉस्पिटलला वाटलं ठाकरांचा रिवाज. दोघींनी एकमेकींचा मान राखला आणि एकमेकींना विचारलं नाही. आणि मधल्या मध्ये अर्धा तास खाटेशी मास्तर एकटाच उरला!

"शिस्टर," ठमी म्हणाली, "मास्तर आलाय न्हवं आत? यांचा आंगठा घ्याया. म्हनला, कागद क्येला तर पोलिस नेनार नाईत."

चंद्रभागा धावली.

५

लडकू मास्तर पोशाच्या खाटेला खेटून, पेटी खाली ठेवून तिच्यावर बसला होता. मांडीवर कागद, हातात शाईची डबी. पोशाचा अंगठा निळा झालेला होता.

"थांब, पोशा!"

"का म्हणून?" लडकू गोड हसला. "गुन्हा कबूल केला की शिक्षा कमी. मला सहाच्या खोपोलीच्या गाडीला जायचंय. आटपू द्या."

"लावू द्या, बाय," पोशा म्हणाला. "म्या बोललोय त्ये बोललोय."

"तू बोललास, पण शब्द तुझे नव्हते," चंद्रभागा म्हणाली. आवाज ऐकून डॉक्टर आणि भिवाजी दारात आले होते. "मास्तर, मोजणी बुधवारी आहे हे पोशाला कोणी सांगितलं?"

"मला काय माहीत? वाडीच्या नावचं मोजणीचं पत्र मला स्वतःला आज मिळालं."

"कोन बोलतो आज?" भिवाजी मध्येच म्हणाला. "धाऊ पोष्टमननं काल सकाळी सात वाजता माझ्यासमोर तुझ्या हातात दिलं! मी दवाखान्याचं टपाल घेत व्हतो."

"आणि ठमीला खोटा कायदा सांगून तुम्ही नदीवर पिटाळलंत," चंद्रभागा पुढं म्हणाली. "वाघ्या मुकादम औषधाच्या निमित्तानं आला होता. वाडीची माणसं फाटकाशी, म्हणून वही तिथंच देता येईना. तुम्ही त्याला म्हणालात, वही माझ्या बुडाखाली आहे, बुधवारच्या आत खोपोलीला पोचती करतो. पोशा हातभर अंतरावर पडला होता. त्यानं ऐकलं. ईथर चढल्यावर, आकडे मोजता मोजता, ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. वाडीनं पोशाच्या बुडाखाली खणलं! मास्तर, जरा उठता?"

लडकू उठला नाही. भिवाजीनं बखोट धरून त्याला उठवला. पेटीत कोरे कागद, टाक, पानाचा डबा आणि तळाशी, कापडी बांधणीची, कडा उंदरांनी कुरतडलेली दळीची वही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अर्ज लिहायच्या निमित्तानं शुक्रवारी त्यानं ती पोशाच्या घरी बघायला मागितली होती, आणि फडक्यात पुस्तक बांधून परत दिलं होतं. आपल्या माणसानं दिलेलं फडकं पोशा लगेच सोडून बघणार नाही आणि नंतर संशयही घेणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

लडकूनं अंगरखा झटकला. "सिस्टर, एक विचारतो. मी एवढा खुळा नाही, माणसादेखत बोलायला. पण इंजेक्शन टोचून तुम्हीच ठमीला म्हणालात ना, आता तोफ उडाली तरी याला ऐकू यायचं नाही? तुमच्या भरवशावर बोललो मी."

चंद्रभागेला ते आठवलं. म्हणाली होती ती. नातेवाइकांनी घाबरू नये म्हणून रोजच म्हणायची. आत काय ऐकू येतं, ते शेकडो माणसांकडून ऐकूनही म्हणायची. तिला इतकी लाज वाटली, की डॉक्टरांनी लडकूला भिवाजीच्या हवाली करून चौकीवर पाठवलं तरी ती तशीच उभी राहिली.

"चुकलं माझं, पोशा," ती शेवटी म्हणाली.

पोशाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो निळा अंगठा चादरीला पुसत होता. "ऐकत व्हतो तर उठलो कसा नाय, शिस्टर?"

"औषधानं कोणालाच उठवत नाही रे. मीही नसते उठले."

बुधवारी मोजणी झाली. वही बघून साहेबानं बावीसही दळ्या कायम धरल्या, आणि दुपार कलायच्या आत वाडीची माणसं हॉस्पिटलात हजर झाली. सोमवारी न सांगता गेलेली चौघं सगळ्यांत मागं. पुढं कोणी होईना. अखेर त्यांतला शुक्रा, पोशाचा चुलतभाऊ, खाटेशी आला आणि त्यानं खाली वाकून पोशाच्या पायाला हात लावला.

"चुकलो रं, दादा. तुज्या घरात खड्डा खनला आमी. आमाला कसं वाटलं आसं, द्येव जानं."

"तुमचं काय चुकलं?" पोशा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "तुमी माझं बोलनं ऐकून मानलं. म्या तर काय बी न ऐकता मानलं. आरं, मीच मला चोर म्हनलं. सगळ्यांनीच म्हनलं, मंग तुला एकट्याला काय बोलू?"

"मी न्हवतं म्हनलं," ठमी म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, हातात कोमट पेजेची वाटी घेऊन.

"येक घडी बी न्हवतं म्हनलं. मला कुनी इचारलंच नाय." तिचे डोळे भरून आले, आणि रागही आला होता तिला, तो लपत नव्हता. "तुमी बी नाय इचारलं."

पोशानं तिला खाटेवर जवळ बसवलं. मग त्यानं दोन दिवसांत पहिल्यांदा घासासाठी तोंड उघडलं, आणि ठमीनं त्याला पेज भरवली.